आमिस्तादचे बंदिवान



पारितोषिक-वितरणाच्या या मंगल प्रसंगी, अमेरिकेतील न्यू हेवनच्या नगरभवनासमोर उभ्या असलेल्या एका ब्राँझच्या स्मारकाविषयी चार शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतो. त्या जागी पूर्वी तुरुंग होता, आणि १८३९ साली त्यात जे आफ्रिकी बंदिवान डांबले गेले त्यांचा अपराध एवढाच होता, की त्यांनी स्वतःची विक्री मान्य केली नाही.

सिएरा लिओनच्या प्रदेशातून आणलेल्या या लोकांना, ते जन्माने क्यूबाचेच आहेत अशी बतावणी करणारे खोटे दस्तऐवज रंगवून, हवानाहून ‘आमिस्ताद’ गलबतावर चढविण्यात आले. जुलैतल्या एका रात्री सेंग्बे पिये आणि त्याचे सोबती बेड्यांतून मोकळे झाले, ऊसतोडणीचे कोयते त्यांच्या हाती लागले आणि कप्तान मारला गेला; परंतु आफ्रिकेची दिशा दाखविण्यासाठी जिवंत ठेवलेल्या, त्यांना विकत घेतलेल्या मालकाने दिवसा पूर्वेकडे जाणारे गलबत रात्री गुपचूप उत्तरेकडे वळविले आणि अखेर लाँग आयलंडजवळ अमेरिकन आरमाराने ते ताब्यात घेतले. स्पेनच्या वकिलाने ही जिवंत माणसे मुद्देमालासारखी परत मागितली.

त्यांनी आपली कैफियत मांडावी तरी कोणत्या भाषेत? येलचे प्राध्यापक जोसाया गिब्ज तुरुंगात गेले, बोटे दाखवून मेंडे भाषेतले आकडे त्यांनी बंदिवानांच्या मुखातून शिकून घेतले, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर, खलाशांच्या गर्दीत, ते मोठ्याने म्हणत हिंडले. जेम्स कव्ही या आफ्रिकी खलाशाने ते ओळखले, तेव्हा कुठे दुभाषी मिळाला. विद्वत्तेचा याहून थोर उपयोग मला ठाऊक नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयात माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स वयाच्या ७३व्या वर्षी या बंदिवानांच्या बाजूने उभे राहिले, आणि ९ मार्च १८४१ रोजी ते स्वतंत्र ठरले. सरकारने परतीचा खर्च दिला नाही. तो गुलामगिरीविरोधकांनी वर्गणीतून उभा केला आणि हयात राहिलेले ३५ जण मायदेशी निघाले. त्या निकालाने अमेरिकेतील गुलामगिरीला मात्र धक्काही लागला नाही. ती कायद्याने नष्ट व्हावयास १८६५ साल उजाडावे लागले.

गुलामगिरी नष्ट करण्याच्या लढ्यात स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला. ती अर्पणपत्रिका आपल्या ग्रंथालयातून मिळवून आपण प्रत्येकाने वाचावी, एवढी माझी विनंती आहे.