वेबसाइटची किल्ली कुणाकडे?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर चौथा विषय 'वेबसाइट' असा आहे. मागच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "बंद करा ते, आपला आठवडी बाजार बरा." मला राग नाही आला. दिवाळीत जे झालं ते बघून कुणीही हेच म्हणेल. शेंगा चटणी भरून ठेवली, लेबलं लावली आणि ऑर्डरी आल्याच नाहीत. पण नेमकं काय झालं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

आपली साइट वर्डप्रेसवर आहे. हे सॉफ्टवेअर 2003 मध्ये आलं. ते फुकट आहे, कुणीही वापरू शकतं. गाळा म्हणजे वर्डप्रेस असं समजा. गाळ्याचा रंग, पाटी, फळ्या कशा मांडायच्या, ती थीम. आणि कामापुरती बसवलेली यंत्रं म्हणजे प्लगिन. दुकानाचं प्लगिन वूकॉमर्स, ते भाव आणि ऑर्डरी सांभाळतं. पैसे घ्यायचं वेगळं, फोटो सरकवायचं वेगळं, व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण दाखवायचं आणखी वेगळं. ही सगळी वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली असतात. त्यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. एका घरात चार सुना आणल्यासारखं आहे ते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, रात्री, मी साइट उघडली. डॅशबोर्डवर अपडेटचा आकडा दिसत होता. मला वाटलं, गर्दीच्या आधी सगळं नवं करून टाकू. सगळ्यांवर टिक केली, बटण दाबलं आणि झोपले. बॅकअप घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका गिऱ्हाईक ताईंचा फोन आला, "अहो, 'कार्टमध्ये टाका' दाबतेय, काहीच होत नाही." मी साइट बघितली तर बटण मेलेलं होतंच, शिवाय वरची आपली पाटी, गटांच्या फोटोंची पट्टी आणि खालचा आपला पत्ताही गायब. साइट कोऱ्या दुकानासारखी दिसत होती.

दोन बिघाड एकाच वेळी झाले होते आणि त्यांची कारणं वेगळी होती. मला हे कळायला दीड दिवस गेला.

आधी पाटीचं सांगते. ज्या मुलाने साइट बनवली त्याने काम मनापासून केलं होतं, पण आपली पाटी आणि फोटोंची पट्टी त्याने थेट थीमच्या मूळ फाइलमध्ये लिहिली होती. थीम अपडेट झाली की मूळ फाइली नव्याने येतात आणि आपण लिहिलेलं पुसलं जातं. याला उपाय आहे, त्याला चाइल्ड थीम म्हणतात. उशी आणि अभ्रा आठवा. उशीवरच भरतकाम केलं आणि उशी बदलली तर काम गेलं. अभ्र्यावर केलं तर उशी कितीही वेळा बदला, अभ्रा आपलाच. आता आपले सगळे बदल अभ्र्यावर आहेत.

मेलेल्या बटणाचं जास्त वेळ सांगते, कारण हे तुम्हाला कुठल्याही बिघाडात उपयोगी पडेल. समजा चटणी खवट लागली. शेंगा, तेल, लसूण, तिखट सगळंच एकदम बदललं तर पुढची चटणी बरी होईल, पण खराब काय होतं ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मीही आधी घाबरून पाच ठिकाणी हात घातला आणि गोंधळ वाढवला. मग वहीत लिहायला लागले: काय बदललं, काय झालं.

पहिल्यांदा दुसऱ्या फोनवर, खासगी विंडोत साइट उघडली. पुष्कळदा फोन जुनं पान साठवून ठेवतो आणि आपण उगाच साइटला दोष देतो. तसं नव्हतं. मग साइटवरची कॅशे रिकामी केली. तरी तेच. मग प्लगिन. आपल्याकडे चौदा होती. वूकॉमर्स सोडून सगळी बंद केली आणि बटण चाललं! म्हणजे चोर त्या तेरांत. अर्धी चालू केली, बटण ठीक. उरलेल्यांतली अर्धी केली, बटण मेलं. असं करत करत फोटो सरकवणाऱ्या प्लगिनपर्यंत आले. त्याच्या नव्या आवृत्तीत चूक होती. एकाची स्क्रिप्ट मध्येच अडकली की त्याच पानावरचं दुसऱ्याचं कामही थांबू शकतं. वूकॉमर्सचा काही दोष नव्हता. फोटो सरकायचं प्लगिन काढून टाकलं. फोटो जागेवर स्थिर असले तरी चटणी विकली जाते.

गिऱ्हाईक साइटवर असताना अशी बंद-चालू करणं बरं नाही. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' नावाचं एक फुकट प्लगिन आहे, त्यात फक्त आपल्यापुरती प्लगिन बंद होतात, गिऱ्हाइकाला साइट नेहमीसारखी दिसते. तेव्हा मला माहीत नव्हतं.

आणखी एक. होस्टिंगवाल्यांकडे आठवड्यापूर्वीचा बॅकअप होता. मी तो सगळाच्या सगळा परत टाकणार होते. हात थांबला ते नशीब, कारण डेटाबेसही मागे गेला असता आणि त्या आठवड्यात आलेल्या ऑर्डरी पुसल्या गेल्या असत्या. फक्त थीमच्या फाइली परत आणल्या.

आता थोडं अक्षरांबद्दल. नवी थीम लावली तेव्हा एक मावशी माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "हे 'शेंगा चटणी' असं तुटकं तुटकं का दिसतंय गं?" मावशींना वाचायला कमी येतं, पण त्यांना दिसलं, मला नाही दिसलं. पुष्कळ थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात. मथळ्याच्या अक्षरांमध्ये अंतर ठेवलं की इंग्रजी छान दिसतं, आपली मात्र शिरोरेषा तुटते. कस्टमायझरमध्ये 'ॲडिशनल सीएसएस' म्हणून जागा आहे, तिथे एक ओळ लिहून अंतर शून्य केलं. ओळींमधली जागाही वाढवली, कारण वरच्या मात्रा कापल्या जात होत्या. फॉन्ट 'मुक्त' घेतला, तो देवनागरीसाठी बनलेला आणि फुकट आहे. साइटची भाषाही मराठी निवडली. ही कामं तुमच्यातली कुणीही करू शकते, आणि जमेल तर करायलाच हवीत. आपलं नाव नीट दिसतंय की नाही हे पुण्याच्या माणसाने ठरवू नये.

आता मुद्द्याचं.

उन्हाळ्यात साइट एकदा पूर्ण बंद पडली होती, आठवतं? 'गंभीर त्रुटी' असं लिहून येत होतं. वर्डप्रेसमध्ये 2019 पासून एक सोय आहे. असा बिघाड झाला की साइट चालवणाऱ्याच्या ईमेलवर पत्र येतं, त्यात आत शिरायची लिंक असते आणि कुठलं प्लगिन बिघडलं तेही लिहिलेलं असतं. आपल्यालाही तसं पत्र गेलं असेल. पण साइटवर ईमेल होता त्या मुलाचा, कॉलेजच्या काळातला, जो तो आता उघडतही नाही. आपण चार दिवस हात चोळत बसलो. नंतर बघितलं तर साइटचं नाव, म्हणजे डोमेन, तेही त्याच्याच नावावर. नूतनीकरणाची आठवण त्यालाच जाणार. ते चुकलं असतं तर आपल्या डब्यांवर छापलेला पत्ता उद्या दुसऱ्या कुणाचा झाला असता. त्या मुलाने फसवलं असं मी म्हणत नाही. फोन केल्यावर त्याने सगळं दिलं. आपणच कधी मागितलं नव्हतं.

तायांनो, बँकेतून पाचशे रुपये काढायला आपण ठराव करतो, दोघींच्या सह्या घेतो. कपाटाची किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे. आणि साइटची किल्ली दोन वर्षं कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही नाही.

म्हणून आज ठराव मांडते. डोमेन आणि होस्टिंग प्रभागसंघाच्या नावावर, प्रभागसंघाच्या ईमेलवर. पूर्ण अधिकाराचा पासवर्ड सचिवताई आणि कोषाध्यक्षताई दोघींकडे, आणि पद बदललं की पासवर्ड बदलायचा, सह्यांचा नमुना बदलतो तसा. भाव, साठा, ऑर्डरी बघणाऱ्या तिघींना 'शॉप मॅनेजर'चा अधिकार द्यायचा. त्यांना रोजचं काम करता येतं, पण प्लगिनला हात लागत नाही. आठवड्याला बॅकअप, आणि अपडेट आधी साइटच्या नकलेवर. सणाच्या पंधरा दिवस आधी अपडेट बंद, अगदी मी म्हटलं तरी. पाचशे-हजाराची थीम फुकटात देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडून घ्यायची नाही. अशा चोरीच्या फाइलींमध्ये बरेचदा घातक कोड लपवलेला असतो.

खर्चाचा आकडा कोषाध्यक्षताई वाचून दाखवतील, त्यावर बोला. पटलं नाही तर तसंही सांगा.

पुढच्या बुधवारी दुपारी दोन वाजता, इथेच, साइटची नक्कल उघडून बसू. प्रत्येक ग्रामसंघातून एक तरी ताई यावी. फोन चार्ज करून आणा. आपण मुद्दाम एक प्लगिन बिघडवू आणि तुम्ही ते शोधून काढायचं.