घरगाडीची पारख



आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती विकत घेण्याचा प्रसंग तुमच्यापैकी फारच थोड्यांवर येईल. माझ्यावरही तो यायचा नव्हता. मी सुतारकामाचा शिक्षक. तीस वर्षे एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पोरांच्या हाती रंधा आणि पटाशी दिली, आणि निवृत्त झालो. पण लेकीचा संसार जर्मनीत उल्म शहरी मांडला गेला, आणि तिच्यापायी ही घरगाडी माझ्या वाट्याला आली.

तिला मोटरहोम म्हणतात. पुढे मोटार आणि मागे घर. घर म्हणजे खरोखरीचं घर बरं का! झोपायला पलंग, शेगडी, मोरी, शीतकपाट, शौचकूप, हिवाळ्यासाठी ऊब देणारे यंत्र, सारे काही सहा-सात मीटर लांबीत. सुटी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे अशी गाडी काढून डोंगरात नाही तर समुद्रकाठी जाऊन राहतात. नव्या गाडीला सहज सत्तर-ऐंशी हजार युरो पडतात. म्हणून पुष्कळ लोक जुनी बघतात.

माझ्या लेकीने आणि जावयांनी २०१९ साली अशीच एक आठ वर्षांची गाडी अडतीस हजार युरोंना घेतली. नाव मोठे होते, आतले गालिचे नवे होते, विकणारा गोड बोलणारा होता. दोन वर्षांनी मागच्या कोपऱ्यात पलंगाखाली कुबट वास येऊ लागला. कारागिराने आतली फळी काढली, तो आतले लाकूड भिजलेल्या पावासारखे हाताने निघाले! दुरुस्तीचा अंदाज अकरा हजार युरो. लेक फोनवर मला म्हणाली, “बाबा, मी तुमची मुलगी असून मला लाकूड कळलं नाही.” ते वाक्य मला लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो तेव्हा ती मोडकी गाडी मिळेल त्या किमतीला देऊन टाकलेली होती, आणि दुसरी शोधायचे काम माझ्या गळ्यात पडले.

आता पहिला प्रश्न असा, की नावावरून पारख होते का? आपली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. दापोडीच्या कार्यशाळेत टाटा किंवा अशोक लेलँडची नुसती चाके, इंजिन आणि सांगाडा येतो. वरची बस बांधतात ती एस.टी.चे कामगार. घरगाडीचेही तसेच आहे. युरोपातल्या बहुसंख्य घरगाड्यांचा पाया एकच, फियाट कंपनीची डुकाटो नावाची गाडी. ती इटलीत अटेस्सा गावच्या कारखान्यात १९८१ सालापासून तयार होते. ऊब देणारे यंत्र बहुधा ट्रुमा कंपनीचे, शीतकपाट बहुधा डोमेटिकचे, शौचकूप थेटफोर्डचे. म्हणजे दहा नावांच्या दहा गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर इंजिन आणि उपकरणे पुष्कळशी सारखीच निघतात. शिवाय नावे अनेक असली तरी मालक थोडे. हायमर, ब्यूर्स्टनर, डेटलेफ्स ही तिन्ही जर्मन नावे एका समूहातली, आणि २०१९ मध्ये तो समूह थोर नावाच्या अमेरिकन कंपनीने घेतला. त्यात एकाच नावाखाली स्वस्त मालही निघतो आणि महागही. तेव्हा “कोणती कंपनी चांगली?” हा प्रश्न फार कामाचा नाही. विचारायचे ते हे, की भिंत कशाची आहे, सांधा कसा आहे, आणि ही गाडी ज्याने बांधली त्या माणसाचा हात कसा होता.

या धंद्याचा उगम मात्र मोठा गमतीचा. उल्मच्या दक्षिणेला ईस्नी नावाचे गाव आहे. तिथे डेटलेफ्स घराण्याचा चाबूक बनवण्याचा कारखाना होता. होय, चाबूकच! अरिस्ट डेटलेफ्स यांना व्यापारासाठी सतत फिरावे लागे, आणि त्यांची पत्नी चित्रकार. दोघांना बरोबर जाता यावे म्हणून त्यांनी १९३१ मध्ये मोटारीमागे जोडायची एक खोली बांधली. पुढे १९५७ मध्ये जवळच्याच बाड वाल्डझे गावी एर्विन हायमर यांनी एरिख बाखेम यांच्यासाठी अशीच एक खोली बनवली. हे बाखेम मूळचे विमानांचे अभियंते. म्हणून त्या मालिकेच्या गाड्यांत लाकडी चौकटीऐवजी पोलादी नळ्यांचा सांगाडा आला. आता बाड वाल्डझेला या गाड्यांचे संग्रहालय आहे. मी तिथे अर्धा दिवस काढला, आणि रंगांपेक्षा कोपरेच जास्त बघितले. असो.

भिंतीकडे वळू. जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांची चौकट करीत, मध्ये थर्मोकोलसारखा फेस भरीत, आतून प्लायवूड आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकीत. ही भिंत कोरडी आहे तोवर उत्तम. पण पाणी आत गेले की बाहेर यायला वाट नाही. आपले कौलारू घर गळले तर थेंब डोक्यावर पडतो, आपण कौल सारतो. इथे थेंब भिंतीच्या पोटातच राहतो आणि वर्षानुवर्षे लाकूड खातो. नव्या पद्धतीत बऱ्याच जणांनी लाकूड काढून टाकले आहे. बाहेर काचतंतूंचा पत्रा आणि मध्ये पाणी न पिणारा घट्ट फेस अशी ती भिंत असते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा: “भिंतीत, छपरात आणि जमिनीत लाकूड कुठे कुठे आहे?” जो नीट उत्तर देतो त्याचे पुढचे ऐकावे.

पाणी शिरते ते सांध्यांतून. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा, खिडक्यांच्या कडा, छपरातला झरोका, मागचे दिवे, आणि मागाहून सायकली टांगण्यासाठी पाडलेली भोके. या सगळ्यांत चिकट लांबी भरलेली असते. ती काही वर्षांनी कडक होते, तडकते. म्हणून सांधे जितके कमी तितकी गाडी बरी. कंपन्या गळतीची पाच-दहा वर्षांची हमी देतात, पण बहुधा अट असते की दर वर्षी गाडी तपासून घेतली पाहिजे. तपासणीचे शिक्के मागून घ्या. एक वर्ष चुकले असेल तर हमी गेलीच म्हणून समजा.

आपल्याकडे मडके वाजवून घेतात. मी घरगाडी वाजवून घेतली. बोटाच्या पेराने भिंतीवर ओळीने ठोकत जायचे. आवाज एकसारखा भरीव आला पाहिजे. मध्येच पोकळ झाला तर तिथे फेस पत्र्यापासून सुटला आहे. मग दाराशी, न्हाणीपाशी आणि चाकांच्या वर टाच दाबून चालायचे. जमीन दबली की शंका धरावी. शेवटी ओलावा मोजायचे दोन सुयांचे यंत्र. लाकडात पंधरा टक्क्यांच्या आत ओलावा असेल तर काळजी नाही. विसाच्या वर काटा गेला तर भाव विचारण्याआधी कारण विचारावे. नीट सुकवलेला आपला साग साधारण बाराच्या आसपास असतो, हे वर्गात शिकवलेले मला तिथे फार उपयोगी पडले.

लाकडी सामान पाहताना दारांची चकाकी बघू नका. पलंगाखाली डोके घाला. मी घातले, जावई जरा ओशाळले. तिथे तारा पट्टीने बांधलेल्या आहेत का, पत्र्याच्या भोकातून जाताना तारेला रबरी कडे आहे का, बिजागरीचे स्क्रू हलक्या प्लायवूडमध्ये नुसते रोवले आहेत की मागे ठोकळा दिला आहे, हे सारे दिसते. एका गाडीत भोके पाडताना सांडलेला भुसा वर्षानुवर्षे तसाच पडला होता. ज्याने तो झाडला नाही त्याने सांधा तरी मन लावून भरला असेल का?

चालवून बघताना विक्रेता आम्हाला लोण्यासारख्या रस्त्यावर नेऊ लागला. मी म्हटले, दगडी फरसबंदीच्या गल्लीतून चला. आणि मी मागे बसलो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला गाडीची जेवढी कुंडली कळते तेवढी चालकालाही कळत नाही!

आता वजन. शिक्षकबंधूंनो, हे गणित वर्गात द्यायला चांगले आहे. तिकडच्या साध्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून बांधणारा ग्रॅम ग्रॅम वाचवतो. हलके लाकूड आणि पातळ दारे येतात ती यापायीच. समजा कागदावर रिकाम्या गाडीचे वजन ३०५० किलो आहे. यात इंधन आणि ७५ किलोचा चालक धरलेला असतो. उरले ४५०. आणखी तीन माणसे २२५. उरले २२५. सायकली आणि त्यांची चौकट ५० किलो, उन्हासाठीचा पडदा ३० किलो, उरले १४५. टाकी शंभर लिटरची, पण कागदावर पाणी बहुधा वीसच लिटर धरतात. म्हणजे आणखी ८० किलो. उरले ६५. यात कपडे, भांडी, शिधा. आणि खरी मेख पुढे आहे. कागदावरच्या वजनात पाच टक्क्यांचा फरक कायद्याला चालतो. ३०५० चे पाच टक्के म्हणजे दीडशे किलो! साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस नेणाऱ्याला सांगायला नको: कागदावर विसंबू नये, गाडी काट्यावर घालावी.

थंडीविषयी थोडक्यात. युरोपच्या मानकाप्रमाणे सर्वांत वरच्या प्रतीच्या गाडीत, बाहेर उणे १५ अंश असताना चार तासांच्या आत आत २० अंश ऊब आली पाहिजे. आपल्याला थंडीपेक्षा पावसाचा प्रश्न मोठा. २०२१ साली महाराष्ट्र शासनानेही कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरवले आहे. आषाढातल्या कोकणात उभ्या राहणाऱ्या गाडीचे सांधे कोणी बघणार असेल, तर वरच्या गोष्टी त्यालाही लागू आहेत.

आम्ही चार गाड्या पाहिल्या. लेकीचे मन तिसरीवर बसले. कातडी बैठका, मंद दिवे, नावही मोठे. मागच्या उजव्या कोपऱ्यात यंत्राने चोवीस दाखवले. विक्रेता म्हणाला, कालच धुतली आहे. मी म्हटले, धुतलेले पाणी पत्र्याच्या आत कसे गेले? लेक माझ्यावर रुसली. दिवसभर बोलली नाही. चौथी गाडी साधी होती, बैठकांचे कापड विटलेले. चारही कोपरे बारा-तेराच्या आत, दर वर्षीचे शिक्के हजर, आणि पलंगाखाली कोणीतरी प्रत्येक तारेला आपल्या अक्षरात चिठ्ठी लावलेली. तीच घेतली.

ऑक्टोबरात आम्ही सारे बोडनझे सरोवराकाठी लिंडाऊला गेलो. तीन दिवस पाऊस लागून राहिला. दुसऱ्या रात्री लेक हळूच उठली, वाकली आणि पलंगाखाली हात घालून मागचा कोपरा चाचपू लागली. तिला वाटले मी झोपलो आहे.

“कसा आहे गं?” मी विचारले.

“कोरडा आहे, बाबा,” ती म्हणाली, आणि परत जाऊन झोपली.