परराष्ट्रनीतीचे मूळ घरात असते



कोणत्या देशाशी व्यापार करावा, कोणास शस्त्रे विकावीत, कोणास मित्र मानावे, हे राजधानीतील मुत्सद्द्यांचे काम. आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे. राष्ट्राचे परराष्ट्रधोरण त्याच्या अंतर्गत समाजरचनेतून निपजते. घरात ज्याच्या मताला किंमत आहे, त्याचेच दुःख बाहेरच्या जगात बोलले जाते. अमेरिका व दक्षिण आफ्रिका यांच्या संबंधांचा इतिहास याला साक्ष आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि त्याने वर्णभेद हाच राज्यकारभाराचा पाया केला. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताचा हक्क नव्हता. स्वतःच्याच देशात हिंडावयास त्यांना परवाना जवळ बाळगावा लागे. अमेरिकी सरकारला हे ठाऊक नव्हते काय? होते. परंतु त्याच्या दृष्टीने तेथील खनिजांचे व कम्युनिस्टविरोधी मित्राचे मोल अधिक होते. आणि खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, १९६५ चा मताधिकार कायदा होईपर्यंत, बहुतेक कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूरच ठेवले जात होते. ज्यांना घरी मत नाही, त्यांचे गाऱ्हाणे परराष्ट्रखाते कशास ऐकेल?

मत हाती येताच चित्र पालटू लागले. १९७१ साली अमेरिकी संसदेतील कृष्णवर्णीय सभासदांनी आपला गट स्थापन केला. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी रँडल रॉबिन्सन, मेरी फ्रान्सिस बेरी व वॉल्टर फाँट्रॉय यांनी वॉशिंग्टनमधील दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत ठाण मांडून अटक करवून घेतली. त्यानंतर विद्यार्थी, चर्चेस व कामगार संघटना हजारोंच्या संख्येने पुढे आल्या.

१९८६ साली संसदेने आर्थिक निर्बंधांचा कायदा संमत केला. नवी भांडवल गुंतवणूक, तेथील कोळसा, पोलाद व युरेनियम यांची आयात, तेथील सरकारी विमानांचे अमेरिकेत उतरणे, हे सारे त्याने बंद केले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २६ सप्टेंबर रोजी नकाराधिकार वापरला. निर्बंधांची झळ कृष्णवर्णीयांनाच अधिक बसेल, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ व सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकार मोडून काढला. त्या वेळी सिनेटमध्ये बहुमत रेगन यांच्याच पक्षाचे होते, हे ध्यानी घ्यावे.

वर्णभेद केवळ अमेरिकेच्या कायद्याने कोसळला, असे मात्र मानू नये. तुरुंग व गोळ्या सोसणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या जनतेचाच तो मुख्य लढा होता. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी मुक्त झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये तेथे सर्वांनी प्रथमच समान हक्काने मतदान केले.

आता आपल्या देशाकडे पाहा. जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेथील हिंदी रहिवाशांवर अन्याय्य कायदा लादला गेला होता. असे पाऊल उचलणारा हा पहिला देश होय, आणि ते कृत्य योग्यच होते. परंतु अस्पृश्यता नष्ट करणारे घटनेचे १७ वे कलम अंमलात आले ते १९५० साली. सातासमुद्रापलीकडे आपल्या माणसाचा झालेला अपमान ज्यांना दिसला, त्यांना गावकुसाबाहेरचा अपमान दिसावयास वेळ लागला. ‘आपला’ कोण, हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवितो. आणि त्याप्रमाणे त्याची नजर पोहोचते किंवा पोहोचत नाही.

म्हणून वर्तमानपत्रात परदेशाशी झालेल्या कराराची वार्ता आली तर पान उलटू नका. या करारात कोणाचे शेत, कोणाचा कारखाना, कोणाचे पोट गणले गेले आणि कोणाचे वगळले गेले, असे विचारा. आपल्या प्रतिनिधीलाही तेच विचारा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तेथे अल्पसंख्यच होते. संघटित मत आणि चिकाटी यांच्या बळावर त्यांनी एका महासत्तेचा व्यापार वळविला. मत आपल्याही हाती आहे. त्याचा पल्ला ग्रामपंचायतीपाशी संपत नाही.