बांधावरचं गवत



गवत काय, पाऊस पडला की आपोआप उगवतं, असं आपण म्हणतो. पण गवतागवतात फरक आहे.

आपल्या मावळच्या माळावर, डोंगरउतारावर कुसळी गवत येतं. कोवळं असताना गुरं ते खातात. बी धरलं की त्याला कुसळं येतात. ती आपल्या धोतराला चिकटतात, तशी गुरांच्या तोंडातही रुततात. ओल लागली की कुसळ पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं. असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. म्हणून वणवा लावला तरी कुसळी मरत नाही. जळतात ती चांगली गवतं.

मग करायचं काय? निम्म्या गवताला फुलोरा आला की विळा लावायचा. तेव्हा गवतात कस असतो. उशीर केला तर गंजी मोठी दिसते, पण गुरांच्या पोटात नुसती काडी जाते.

दुसरं गवत मारवेल. हे बांधावर मुद्दाम लावावं. पावसाच्या सुरुवातीला मुळासकट ठोंब आणा. दोन ओळींत दीड फूट, दोन ठोंबांत एक फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी त्यात गुरं सोडू नका, कापून घाला. एकदा लावलं की काही वर्षं पुन्हा लावायला नको. वर मुळं बांधाची माती धरून ठेवतात.

आंबीकरांनो, यंदा एकच बांध लावून पाहा. पुढचं दुधाची चरवी सांगेल!