जामखेडचे आरोळे दांपत्य

फुलब्राइट शिष्यवृत्तीने अमेरिकेस गेलेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यशास्त्र अभ्यासलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य, परदेशी व्यवसायाची वाट मोकळी असूनही, 1970 साली तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात परतले. आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना बाळंतपण, बालसंगोपन, कुष्ठरोगाची पारख शिकवून त्यांनी आरोग्यसेविका घडविल्या. जातिभेदाने विभागलेल्या गावांत हे घडावे, याचे मला विशेष अप्रूप वाटते. 1979 साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविलेल्या या कार्यातून शिकण्यासाठी पुढे देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला येऊ लागले.