गोड पाणी आपल्याच शिवारात पडते

मी दर्यापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकले आणि शेती करायला गावी परत आले. "शिकूनसवरून या खाऱ्या पाण्यात कायले आली व माय?" असे शेजारच्या काकू अजून विचारतात.

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे या पट्ट्यात येतात. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सांडलेले पाणी वाळले की फरशीवर मिठाचा पांढरा डाग उरतो. धरणांवरून नळयोजना आल्या, त्याने पिण्याची सोय झाली. शेताचे काय? विहिरीचे खारे पाणी पिकाला देत राहिले की जमीन चोपण होते. वर पापुद्रा धरतो, पाऊस आत मुरत नाही, उगवलेले रोप पिवळे पडते. म्हणून बहुतेक जण खरिपात मूग काढतात आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा घेतात. पावसाने दगा दिला की वर्ष गेले. खारपाणातल्या घरी पोरगी द्यायला लोक कचरतात, हे दुःख तर गावोगाव आहे.

तरी मी इथेच राहणार आहे, कारण गोड पाणी आपल्याच शिवारात पडते. एका एकरावर ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २८ लाख लिटर पाणी होते. त्यातले कितीतरी नाल्याने पूर्णेत वाहून जाते. ज्या चिकण मातीला आपण नावे ठेवतो, ती पाणी सहसा झिरपू देत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या शेततळ्यात बहुधा प्लास्टिकचे अस्तर न घालताही पाणी टिकते. हरभरा फुलावर येताना त्यातले एक पाणी तुषार संचाने दिले, तरी पीक हाती लागते.

२०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावे मुद्दाम घेतली होती. सरकारी योजना येतील आणि जातील. तळ्यातला गाळ काढायचा, बांध राखायचा, ते आपणच केले पाहिजे. माझ्या गावात शेताशेतात तळे दिसावे आणि गावची पोरे पुण्याला कामाला न जाता रब्बीचे पीक काढायला थांबावीत, एवढी माझी आशा आहे.

दादांनो, आणखी खोल बोअर मारायला पैसा घालू नका, तो शेततळ्याला लावा. खोदाई मृगाआधी उरकायला हवी. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि बायांनो, पाण्याचे हाल आपण काढतो, तेव्हा सभेला आपण यायलाच पाहिजे.