आपला सातबारा उघडा, साहेबाची फाईल बंद

(उजनीकाठच्या गावातल्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीतला मजूर. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. कायदा वाचून जेवढा कळला तेवढाच सांगतो.

१९८० साली उजनीचं धरण पुरं झालं. भीमा अडली, गावं पाण्याखाली गेली. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांना सरकारनं काय विचारलं? जमीन किती, झाडं किती, विहीर कुणाची, घर केवढं. सगळं पंचांसमोर. आजही दाखला काढायला जा : सातबारा आण, उत्पन्न दाखव, वारस दाखव. गरिबाची मालमत्ता म्हणजे गावची चावडी!

आणि ज्याच्या सहीनं मोबदला ठरतो, बदली जमीन ठरते, त्याची मालमत्ता किती?

नियम नाही असं समजू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. त्यातला नियम १९. नोकरीला लागताना मत्ता आणि कर्ज लिहून द्यायचं, पुढंही ठरल्या वेळी देत राहायचं. जमीन घेतली-विकली तर कळवायचं. पण कुणाला? आपल्याच खात्याला. लिहिणार साहेब, तपासणार साहेब, कुलूप लावणार साहेब!

निवडणुकीचा उमेदवार शपथपत्र देतो, ते कुणीही वाचावं. आयएएसवाल्यांची स्थावर मालमत्ता केंद्राच्या वेबसाइटवर असते. पण मधल्या खुर्चीचं काय? २०१२ साली गिरीश देशपांडे खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, कर्मचाऱ्याची मालमत्ता ही खाजगी माहिती. व्यापक जनहित दाखवा, तर मिळेल. २०१३ च्या लोकपाल कायद्यानं केंद्राच्या नोकरांची मालमत्ता जाहीर करायचं ठरवलं होतं. २०१६ साली संसदेनं ते कलमच बदललं. जाहीर करायची सक्ती गेली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. साहेबाची बुडवलेली जमीन कुठल्या दुष्काळात वर येते?

म्हणून नुसत्या शिव्या देऊन भागायचं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. नावं मागू नका, आकडे मागा : या कचेरीत विवरणपत्र किती जणांनी भरलं, किती जणांनी नाही, न भरणाऱ्यावर कारवाई काय? यात कुणाचं खाजगी काही नाही. आणि मागणी एकच लावून धरा : भूसंपादन-पुनर्वसनाच्या खुर्चीवर बसायचं, तर आपली मालमत्ता तिथल्याच चावडीवर लावायची.

आमचं घर मोजताना दार उघडायला लावलं होतं. आता तुमचं दार उघडा.